मुंडकी नसलेले मोर

अख्खं जग कामं वरून खाली करतं; आमचे व्याही खालून वर करतात. अंघोळ पायापासून सुरू करून डोक्यावर संपवतात. वर्तमानपत्र शेवटच्या पानाच्या तळापासून वाचत पहिल्या पानावर येतात आणि तिथला मोठ्ठा मथळा बघून "अरे, हे कदी झालं?" म्हणून दचकतात. मुलीच्या बोलणीसाठी आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा बसल्या बसल्या त्यांनी दहीभात मागितला. माझ्या बायकोला वाटलं, पाहुणे रागावले आणि जेवण आटोपतं घेतायत. ती आत रडायच्या बेतात, आणि बाहेर व्याही आमटी, भाजी, भाकरी असा उलटा प्रवास करत शेंगाचटणीपाशी समाधानाने पोचलेले! लग्न ठरलं, थाटात झालं; पण त्या धक्क्यातून मी अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

यात त्यांचा दोष नाही. त्यांचं सगळं तारुण्य हातमागावर गेलं. चादरीवर मोर विणायचा तर आधी त्याचे पाय येतात, मग पोट, मग मान, सगळ्यात शेवटी तुरा. विणलेलं कापड गुंडाळत जायचं आणि पुढे चालायचं. वडिलांचे माग बंद पडले तेव्हा या गृहस्थांनी त्यातलं सागवान भंगारात जाऊ दिलं नाही. त्याची खाट झाली, देव्हारा झाला, एकुलत्या एका मुलाचं अभ्यासाचं टेबल झालं, आणि उरलेल्या फळ्यांचं अंगणात चक्क गॅरेज झालं. घरात तेव्हा सायकलसुद्धा नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "आदी जागा करायची ओ, मग गाडी येती की!"

गाडी आली ती परवा-परवा, मुलाच्या म्हणजे आमच्या जावयाच्या कमाईतून. आणि आल्या आल्या तिने गॅरेजच्याच जिवावर घाला घातला. सोलापूरच्या उन्हाने फळ्या काळ्याठिक्कर पडलेल्या. जावई म्हणाले, "बाबा, हे खोकं पाडू आणि पत्र्याची शेड मारू." व्याही त्या दिवशी जेवले नाहीत. सरळही नाही आणि उलटेही नाही. संध्याकाळी म्हणाले, "पाडव्यापर्यंत थांब. भाईरनं रंगवतो मी. तरीबी खोकंच दिसलं, तर मीच हातोडा आणून देतो बग तुला."

मला वाटलं, मारतील बापडे हिरवा ऑइलपेंट. पाडव्याच्या सकाळी मुलीचा फोन. "अण्णा, लगेच या. आणि हात जोडते, हसू नका."

गल्लीच्या तोंडाशीच माझे पाय खिळले. अंगणात गॅरेज नव्हतंच. तिथे एक प्रचंड सोलापुरी चादर उभी होती! लालभडक अंग, पिवळेधमक काठ, आणि समोरच्या भिंतीवर मोरांच्या रांगाच रांगा. रंगारी वरून खाली का येतो, हे मला त्या दिवशी कळलं. व्याही तळापासून वर गेले होते, त्यामुळे वरच्या मोरांचा रंग खालच्या मोरांवर ओघळून ते बिचारे भर उन्हाळ्यात पावसात भिजल्यासारखे दिसत होते. पण खरा हादरा पुढेच होता. सगळ्यात वरच्या रांगेत पाय आले, पोट आलं, पिसारा आला, आणि मान यायच्या आत छप्पर आलं. अख्खी रांग मुंडक्याविना उभी!

"व्याही," मी कसाबसा म्हणालो, "हे काय?"

शिडीवर ब्रश घेऊन बसलेला तो माणूस माझ्याहून जास्त हादरलेला होता. "मागावर कदी असं हुत नाही ओ," ते म्हणाले. "कापड आपलं पुढं येतच राहतंय. भिंत संपती, हे ध्यानातच आलं नाही बगा."

"अय्यो देवा!" विहीणबाई हातातली गुढी घेऊन ओरडल्या. "सणासुदीला दारात मुंडकी छाटून ठेवलीत! मी गुढी कुठं उभी करू?"

पलीकडच्या गच्चीवरून शेजारी ओरडला, "काका, खाटकाचं दुकान काडलं की काय?"

गल्ली हसली. मीही हसणार होतो, पण मुलीने डोळे वटारले. व्याही शिडीवरून उतरले, आत गेले आणि हातोडा आणून त्यांनी मुलाच्या हातात ठेवला. "घे. शब्द म्हंजे शब्द. खोकं बरं हुतं यापरीस."

जावयांनी हातोडा घेतला. वर बघितलं, बापाकडे बघितलं, आणि ते तडक घरात शिरले. आतून धाडधाड आवाज यायला लागला. विहीणबाईंची गुढी आडवी झाली. माझ्या डोळ्यांसमोर मुलीचा मोडलेला संसार उभा राहिला. एवढ्यात जावई बाहेर आले. खांद्यावर फळ्या होत्या. स्वतःचं अभ्यासाचं टेबल मोडून आणलं होतं त्यांनी!

ते शिडीवर चढले, छपराच्या कडेला एकेका मोरावर एकेक फळकूट उभं ठोकलं आणि खाली बघून म्हणाले, "बाबा, एवढ्यात माना बसतील ना? तुरा कुठल्या रंगात?"

इतका सणसणीत धक्का मला त्या दहीभातानेही दिला नव्हता. व्याही उपरण्याने बराच वेळ चष्माच पुसत राहिले. मग ब्रश उचलला आणि एकेक डोकं रंगवलं. आधी मान, मग चोच, मग तुरा.

गॅरेज अजून उभं आहे. गाडी आत असते, आणि गल्लीत पत्ता सांगताना लोक "मोरांच्या अलीकडे, मोरांच्या पलीकडे" असं सांगतात. व्याह्यांचे गुडघे आता शिडी चढू देत नाहीत. संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून बसतात आणि भिंत बघतात, सवयीप्रमाणे तळापासून, रांगेमागून रांग. सगळ्यात वरच्या एका मोराच्या मानेवर बोटभर जागा कोरी आहे. शाळेत असताना मुलाने कर्कटकाने टेबलावर आपलं नाव कोरलं होतं. ब्रश त्याच्या कडेकडेने गेलाय. तिथवर पोचलं की ते थांबतात. मी त्यांच्या शेजारी बसतो. त्यांची नजर जिथे संपते, तिथूनच मी बघायला सुरुवात करतो.