पुदिन्याचं पाणी आणि माझं भाषण

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या कमरेत अशी कळ आली, की मी भर वर्गात टेबल धरून खाली बसलो. मी विज्ञान शिकवतो. पन्नाशी ओलांडलेली, शाळा तिसगावच्या अलीकडच्या एका गावात. पाथर्डीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. मुतखडा निघाला.

"सर, दिवसाला पाणी किती पिता?"

"तहान लागेल तेवढं."

"आणि तहान किती लागते?"

माझ्याऐवजी बायकोच बोलली, "यांना फक्त चहाची तहान लागते."

डॉक्टरांनी रोज तीन लिटरचा हुकूम सोडला. आता खरं सांगायचं तर मला पाणी आवडत नाही. आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे. शुद्ध पाण्याला रंग, वास, चव नसते, हे मी पंचवीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं आणि घरी ग्लास तोंडाला लावला की तोंड वाकडं करत आलो.

पुण्यातल्या मुलीला हे कळलं. तिने एक बाटली पाठवली. मधोमध जाळीची नळी. तिच्यात फळांच्या फोडी नाहीतर पाला घालायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी पाण्याला चव येते. पहिल्या दिवशी लिंबू आणि पुदिना घातला. खोटं कशाला बोलू, मी दुपारपर्यंत दोन बाटल्या संपवल्या.

मग माझ्या अंगात संशोधक शिरला. काकडी झाली, मोसंबी झाली, गवती चहा झाला, आलं झालं. पाला तो पाला म्हणून एकदा मेथीही घातली. ते पाणी भाजी धुतलेल्या पाण्यासारखंच लागलं. शनिवारी काकडीची बाटली शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात विसरलो. सोमवारी कपाट उघडलं तेव्हा सगळे मेलेला उंदीर शोधायला लागले आणि मीही त्यांच्याबरोबर शोधला.

बाजारातली भाजीवाली विचारायची, "गुर्जी, रोजच पुदिना? हाटेल टाकलं व्हय?" बायको म्हणायची, "पाण्याला पाणी म्हणून प्यायला काय होतं हो तुम्हाला?" पण मी आता ऐकणारा राहिलो नव्हतो. सांगणारा झालो होतो. ज्याला-त्याला बाटली दाखवायची, पुदिन्याचे गुण सांगायचे. सहकारी मला लांबून येताना पाहून वह्या तपासायला घेऊ लागले.

जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, तुम्ही एवढं सांगताच आहात, तर परिपाठाला मुलांनाच सांगा एकदा." पाच मिनिटं मिळाली होती, मी पंचवीस घेतली. मूत्रपिंडाचं कार्य सांगितलं, पाण्याअभावी एकाग्रता कशी जाते ते सांगितलं, आणि प्रात्यक्षिक म्हणून दर दोन वाक्यांना बाटलीतला एक घोट घेत गेलो. समारोपापर्यंत बाटली रिकामी झाली आणि मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागलो. टाळ्या थांबायच्या आत ऑफिसातली किल्ली घेऊन शिक्षकांच्या स्वच्छतागृहाकडे पळालो. पोरांना वाटलं, सरांना काहीतरी महत्त्वाचं काम आलं. आलंच होतं.

पहिला तास नववीवर होता. हलक्या अंगाने वर्गात गेलो आणि विचारलं, "आजपासून शाळेत दोन बाटल्या पाणी कोण कोण पिणार?" मुलांचे हात भराभर वर गेले. मुलींच्या बाजूला एकही नाही.

"काय गं, पाणी प्यायचाही आळस?"

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी दुसऱ्या बाकावरची मुलगी उठली. वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"सर, आमी शाळेत पानीच पीत न्हाई."

"का?"

"पिलं की जावं लागतं."

"मग जायचं!"

"कुठं?" ती म्हणाली आणि खाली बसली.

मुलं हसली. मी हसलो नाही. पुढचा तास मोकळा होता. मराठी शिकवणाऱ्या बाईंना घेऊन मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेलो. त्या शाळेत मी अठरा वर्षं होतो, पण त्या बाजूला पहिल्यांदाच जात होतो. दाराला आतून कडी नव्हती. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. नळ कोरडा. बाई म्हणाल्या, बऱ्याच मुली सकाळी घरून निघाल्या की थेट संध्याकाळी घरी पोचल्यावरच जातात.

"बाई, हे कोणाला सांगितलं का नाही तुम्ही?" मी जरा रागानेच विचारलं.

"तीन अर्ज दिलेत, सर. तिसऱ्यावर तुमची सही आहे."

मी न वाचता सही केली होती. चहा पीत असेन.

त्याच संध्याकाळी तिसगावातून कडी आणली आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी स्वतः बसवली. घाम पुसत बाईंना बोलावलं. त्यांनी दार बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर, बाहेरून बसवलीत." मग शिपायाने ती काढून आतून लावली. मी मुख्याध्यापकांसमोर तो तिसरा अर्ज घेऊन बसलो आणि या वेळी मोठ्याने वाचून दाखवला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनीही तो माझ्यासारखाच वाचला होता. पंधरा दिवसांत वर टाकी बसली, नळाला पाणी आलं.

माझा खडा पावसाळ्यात कधीतरी पडून गेला. डॉक्टर म्हणाले, पाण्याने काम केलं. पुदिन्याचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही काढलं नाही. भाषणाचं पुन्हा कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून नववीच्या तासाला मुलींच्या बाकांवर बाटल्या असतात आणि दर दहा मिनिटांनी एक हात वर येतो, "सर, जाऊ का?" त्या सत्रात माझा प्रकाशाचा धडा चांगला आठ दिवस मागे पडला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं: मुली पाणी पितात.