हयातीपुरती भट्टी

मावशी माझ्या कोणी लागत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. उलट कागदोपत्री आम्ही एकमेकांचे वैरी. मी पावाच्या मोठ्या कंपनीचा माणूस. अधिवेशन सुरू झालं की विधिमंडळाच्या व्हरांड्यात उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या आमदाराला कंपनीची बाजू पटवायची, हीच माझी नोकरी. मावशी घरगुती भट्टीवाल्यांच्या संघटनेच्या. संघटना म्हणजे काय, तर मावशी आणि त्यांची पिशवी. बाकीचे भट्टीवाले येणार कधी? मळलेलं पीठ फुगलं की ते कुणाच्या बापासाठी थांबत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. "कुठून आलास?" म्हणाल्या. मी म्हटलं, कंपनीकडून. झालं, तेव्हापासून मी 'कंपनी'. "काय रे कंपनी, जेवलास का?" असं भर व्हरांड्यात ओरडायच्या. आवाज असा की वरच्या मजल्यावरचा शिपाई दचकून उभा राहायचा. चार प्रतिष्ठित माणसांत इज्जत काढतात म्हणून मला भयंकर राग यायचा. पण दुपारी जिन्याखालच्या बाकावर त्या फडकं सोडत, पाव मोडत आणि मोठा तुकडा माझ्या हातात कोंबत. "खा. तुमच्या कारखान्यात असा होत नाही." होत नाही, हे खरंच आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात. माझी पंचाईत अशी की पगार कंपनीचा आणि पाव मावशींचा.

त्यांची कामाची रीतही निराळी. आम्ही शहाणे लोक आमदारांना दारातच गाठायचो आणि धक्के खायचो. मावशी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभ्या. तिथे प्रत्येकाला दम लागतो. "धावणाऱ्याशी बोलू नये रे, धापा टाकणाऱ्याशी बोलावं. त्याला उलट बोलता येत नाही," असं मला समजावून सांगायच्या. शत्रूला कोणी असं सांगतं का? मावशी सांगायच्या.

त्या वर्षी विधेयक आलं, की राहत्या घरात पावाची भट्टी चालवता येणार नाही. विधेयक आमच्या कंपनीला हवं होतं, हे काय लपून राहिलंय? पण कारणही खोटं नव्हतं. खाली निखारे आणि वर माणसं झोपलेली, हा धोका आहेच. मावशींचं घर नेमकं तसंच. खाली भट्टी, वर दोन खोल्या, त्यात मावशी आणि त्यांची सून. मुलगा दूर देशी गेला तो गेलाच, ना पत्र ना फोन. सून मात्र सासूला सोडून गेली नाही. पहाटे भट्टी तीच पेटवायची, पण परवाना मावशींच्या नावावर. आपल्यामागे भट्टी तिला राहावी, एवढ्याचसाठी मावशींचं सगळं जिने चढणं-उतरणं होतं.

समितीपुढे म्हणणं मांडायचा दिवस उजाडला आणि मावशींचा आवाज बसला. बसला म्हणजे साफ गेला. तोंड उघडलं की नुसता वारा. समितीचा नियम असा की तोंडी मांडाल त्यावरच चर्चा, लेखी दिलेलं फायलीला लागतं आणि तिथेच राहतं. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्यातर्फे कोण वाचणार?" मावशींनी खोलीभर नजर फिरवली. मग सरळ उठल्या आणि कागद माझ्या पुढ्यात ठेवला.

सगळी समिती हसली. अध्यक्ष म्हणाले, "अहो, हे तर विरुद्ध बाजूचे!"

मावशी घशातून कशीबशी हवा काढत म्हणाल्या, "असू दे. याला वाचता येतं."

आता मला एक खोड आहे. मला वाईट वाचता येत नाही. उभा राहिलो आणि वाचलं. "आग आम्हालाच आधी नको आहे. जळेल ते आमचंच अंथरूण जळेल." तिथे एक सदस्य मान हलवायला लागले. शेवटी होतं, "माझ्यामागे माझी सून ही भट्टी चालवेल. तिला दुसरं घर नाही, मला दुसरं माणूस नाही." हे वाक्य मी दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू?

"आता कंपनीचं म्हणणं," अध्यक्ष म्हणाले.

"आमचं लेखी दिलंय," मी म्हटलं आणि बसायला लागलो. तेवढ्यात मावशींनी टेबलावर थाड्कन हात आपटला. डोळे असे वटारले की बस्स! "नीट बोल," त्या फुसफुसल्या. "भीक नको मला."

मग मी बोललो. चांगलाच बोललो. मघाशी मान हलवणारे सदस्य आता माझ्याकडे बघून मान हलवायला लागले. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. अध्यक्ष वैतागले. "मधली वाट काही आहे का हो?"

माझ्याच तोंडून निघालं, "आज जे चालवतायत त्यांना, ते आहेत तोवर चालवू द्या. नव्यांना परवानगी नको."

अध्यक्षांचा चेहरा खुलला. कारकुनाने लगेच वाचून दाखवलं, "विद्यमान चालकाच्या हयातीपर्यंत." सगळ्यांचे हात वर झाले. मला वाटलं, वा, काय डोकं चालवलं आपण!

बाहेर बाकावर मावशींनी फडकं सोडलं, पाव मोडला. मग हसल्या. "कंपनी, म्हणजे आता मला मरायचीसुद्धा सोय राहिली नाही."

सून! तिच्याबद्दल मी स्वतः वाचलं होतं आणि घटकाभरात विसरलो होतो. मी काही बोलणार, तर मावशींनीच माझा हात धरला. "असू दे रे. भट्टी आज तरी वाचली ना? पुढच्या अधिवेशनात 'आणि तिची सून' एवढे तीन शब्द घालून घेते. तू विरोध करशील?"

"करावा लागेल मावशी. नोकरी आहे."

"मग कर. त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या आणि खोकायला लागल्या. तो खोकला थांबेचना. मी पाठ चोळत राहिलो.

आवाज पुढे परत आला, पण अर्धाच. डॉक्टर म्हणाले, जन्मभराचं पीठ छातीत बसलंय, जपायला हवं.

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मावशींच्या गल्लीत कंपनीला दुकान काढायचंय. हवापाणी विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्या बाईंची तब्येत कशी असते हो हल्ली?"

"ठणठणीत," मी म्हटलं. "आपल्या सगळ्यांना पोचवून मग जातील."

साहेबांचा चेहरा पडला. मी खाली आलो आणि रस्त्यातच सुनेला फोन लावला. "औषध दिलंस का गं? वाफ दिलीस? आणि पीठ चाळायला अजिबात बसू देऊ नकोस त्यांना."

"बसल्यात," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "माझं ऐकतात कुठे?"

"फोन दे त्यांच्याकडे," मी म्हटलं. आणि मग भर रस्त्यात, लोक वळून बघेपर्यंत, मी मावशींवर ओरडलो.