एकोणीस जानेवारीनंतरचा बुधवार

रविवारची दुपार. वांग्याची भाजी जरा जास्तच झालीय आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन मी दिवाणावर टेकलेय. डोळे मिटतायत हे कळतं, पण बोटं अजून कीबोर्डवर आहेत. उद्या माझं काम लायब्ररीत जाणार. पुस्तकांची लायब्ररी नव्हे. धरणाच्या दरवाज्यांपाशी पाण्याची पातळी नोंदवणारी यंत्रं आम्ही बनवतो. त्यांतले सगळे प्रोग्रॅम सी भाषेतल्या ज्या कोडवर उभे असतात, ती लायब्ररी. ती हेरंब केळुसकरने लिहिली. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, तरी काही नीट चाललं की ऑफिसात म्हणतात, "हेरंबचं काम आहे ते." बिघडलं की माझ्याकडे बघतात.

भिंतीवर टकटक होते. मी ऑफिसात आहे. आमच्या खोलीचं दार होतं तिथे नुसता ओला गिलावा आहे.

"वृंदा, दार कुठे गेलं गं?" पलीकडून हेरंब विचारतो.

"काढलं. मागे नवीन केलंय, मोठं."

"मला मागची वाट माहीत नाही."

तरी तो आत असतो. तोच चौकड्यांचा शर्ट, तोंडात लवंग, एक केस पांढरा नाही. माझे निम्मे पिकले. मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करायची? त्याच्या हातून आता एकही चूक होत नाही.

"दाखव," म्हणत तो माझ्याच खुर्चीत बसतो.

मी दाखवते. फाइल कधी बदलली ती तारीख आमची यंत्रं १९७० पासूनचे सेकंद मोजून ठेवतात. हेरंबने त्या आकड्याला दिलेली जागा २०३८च्या एकोणीस जानेवारीला भरते. पुढच्या सेकंदाला आकडा उलटतो आणि यंत्राला वाटतं, १९०१ साल चाललंय. मी जागा दुप्पट केलीय. आता सूर्य विझेपर्यंत काळजी नाही.

"छान आहे," तो म्हणतो. हेरंब नुसतं छान म्हणून कधी थांबायचा नाही. "तारीख सांगणारा कोडचा तुकडा, माझं जुनं फंक्शन, कुठाय?"

"काढलं. सगळे प्रोग्रॅम नव्याने बांधून घेऊ."

"सगळे?"

खुर्चीखाली पाणी वाजतं. आम्ही धरणावरच्या केबिनमध्ये उभे आहोत, डोक्यावर पंखा मात्र ऑफिसचाच. कोपऱ्यात एक जुनं यंत्र आहे.

"ह्याचा प्रोग्रॅम ज्या बाहेरच्या कंपनीने केला ती बंद पडली," हेरंब म्हणतो. "आता नव्याने कोण बांधणार? हा बिचारा जुन्याच नावाने हाक मारणार."

यंत्राचा दिवा लुकलुकतो. कोणी ओ देत नाही. खिडकीबाहेर पाणी चढतंय आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

हे मला माहीत आहे. जुनं फंक्शन काढायचं नसतं, नवं नव्या नावाने त्याच्या शेजारी ठेवायचं असतं. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात.

"ते फंक्शन होतं त्या फाइलच्या माथ्यावर तुझं नाव होतं, म्हणून अख्खी फाइल काढली," मी म्हणते. "जळते मी तुझ्यावर. अजूनही."

"ठाऊक आहे. मीसुद्धा जळतो आता."

"कोणावर?"

"तुझ्यावर. अजून कोणावर?"

केबिन नाही. धरणही नाही. नदी मोकळी वाहतेय आणि काठावर खुरट्या बाभळी. हे १९०१ असणार. इथे आम्ही दोघंही जन्मलेलो नाही, त्याचं नाव कोणाला माहीत नाही, आणि मला त्याचा आनंद होतो.

"मी म्हटलं होतं, तोवर रिटायर होऊ, पुढचं पुढची पोरं बघतील," तो म्हणतो. लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकते. "वीस जानेवारी, दोन हजार अडतीस. बुधवार आहे. तू डबा घेऊन ऑफिसला जाशील. चहा पाणचट म्हणून कुरकुर करशील. मला तो बुधवार हवा होता, वृंदा."

हेरंब केळुसकरला माझा हेवा वाटतोय. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. बरं वाटतं.

"एकदा ती तारीख टाकून बघू दे," तो म्हणतो.

मी सरकून त्याला जागा देते.

जाग येते तेव्हा खाली कोणीतरी स्कूटरला किक मारतंय. लॅपटॉपने मांडी तापलीय. मी काढून टाकलेली हेरंबची फाइल पडद्यावर उघडी आहे, जशीच्या तशी. बदलल्याची तारीख: २० जानेवारी २०३८. झोपेत माझीच बोटं चालली असतील, दुसरं कोण असणार. पण ही तारीख त्याच्या कोडमध्ये मावलीच नसती. ती माझ्या कोडमध्ये मावलीय.

फाइल आता राहणार, तिच्या जागी, माझ्या नव्या फाइलच्या शेजारी. फाइल ज्याने परत आणली त्याने तिच्या माथ्यावर आपलं नाव लिहायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी लगेच लिहायला घेते. हेरंब केळुसकरच्या खाली, वृंदा टिळेकर. छान दिसतं. बरोबरीचं दिसतं.

सेव्ह करायला बोट जातं आणि थांबतं. सेव्ह केलं की तारीख आजची होईल.

मी बराच वेळ दोन्ही नावांकडे बघत बसते. मग माझं पुसते, एकेक अक्षर, आणि सेव्ह न करता फाइल बंद करते.