पांढरी दोन

सुभद्राताईंचं नाव सर्वांत आधी लिहितो, कारण माझ्या आयुष्यात जे काही सुरात लागलं त्याचा पहिला स्वर त्यांनी दिला. हे नाव मनात आलं की पाठोपाठ एक वास येतो, वेचून अंगणात टाकलेल्या कापसाचा, उन्हानं कोमट झालेला, किंचित तेलकट. आणि त्या वासातून कार्तिकातली एखादी दुपार अलगद उलगडू लागते. त्या पांढऱ्या ढिगाला पाठ टेकून ताई पेटीवर नवं गाणं बसवत असायच्या, आणि त्यांचा आवाज कापसाच्या उभ्या पऱ्हाटीवरून तरंगत नाल्यापलीकडच्या सागवानापर्यंत जायचा. तो तिकडून परत येत असावा असं मला लहानपणी खरंच वाटायचं, आणि मी त्याची वाट पाहत बसायचो.

ताई आमच्या गावच्या अंगणवाडीच्या बाई, आणि आमच्या गायन पार्टीच्या मुख्य गायिका. सकाळी पोरांना बडबडगीतं, संध्याकाळी विहारात बुद्ध-भीम गीतं. दोन्हीकडे तोच आवाज, तितकाच मनापासून. मी दहावी झालो तेव्हा वडिलांनी, जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गठाणी उचलून पाठ वाकलेल्या माझ्या वडिलांनी, इचोड्याला हायवेवरच्या ढाब्यात माझं काम ठरवून टाकलं होतं. ताई घरी आल्या, आईनं दिलेला चहा त्यांनी घेतला नाही, आणि वडिलांना एवढंच म्हणाल्या, "दादा, याले ढाब्यावर पाठवशीन, तर उद्या स्टेजवर शिक्षणाचं गाणं मी कोन्या तोंडानं गाऊ?" वडिलांनी कप उचलून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "चहा घ्या बाई, थंडा होऊन राह्यला." मी आदिलाबादच्या कॉलेजात गेलो, घरातला पहिला पदवीधर झालो, आज मराठी शाळेत शिक्षक आहे. माझ्या घरात पुस्तकांची जी एक मांडणी आहे तिच्या मुळाशी तो निवत गेलेला चहा आहे.

बेस गिटार मला कॉलेजात भेटली. एका मित्राच्या लग्नात ऑर्केस्ट्रा आला होता. सगळे गाणाऱ्याकडे पाहत होते आणि मला मात्र गाण्याच्या खालून येणारा एक आवाज जाणवत होता, कानांपेक्षा छातीला अधिक. काळ्या जमिनीत पाणी मुरावं तसा तो गाण्यात मुरलेला होता, आणि तो थांबला की गाणं एकदम उघडं पडायचं. त्याच क्षणी मला ताईंचा आवाज आठवला. इतक्या उंच आवाजाखाली आमच्या पार्टीत असं काहीच नव्हतं. नोकरी लागल्यावर नागपूरहून एक वापरलेली चार तारांची बेस आणली. गोल गुंडाळीच्या तारांवरून बोटं सरकली की खरखर होते, ती ताईंच्या शब्दांत मिसळू नये म्हणून सपाट गुंडाळीच्या तारा चढवल्या. जाड, थंड, मऊ बोलणाऱ्या. दुकानदारानं हिंदीत विचारलं की कोणत्या रॉक बँडमध्ये वाजवता, आणि मी म्हटलं, विहारात. शाळेतून आल्यावर रोज खिडकीतल्या उतरत्या उन्हात मी सराव करतो. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात तेलुगूत चौकशी केली होती, की सर, खोलीत पिठाची गिरणी बसवली का. आता त्यांना सवय झाली आहे. वीज गेली आणि गिरणी थांबली, की त्याच खाली येऊन विचारतात, तब्येत बरी आहे ना.

आमच्या पार्टीत एक रीत आहे. प्रत्येक गाण्याआधी ताई मागे वळतात आणि सर्वांना ऐकू जाईल अशी पट्टी सांगतात. पट्टी म्हणजे पेटीवरची ती पांढरी किंवा काळी जागा, जिथून गाण्याचा सा धरायचा. ताईंची पट्टी ठरलेली, काळी तीन. पट्टी खाली आणणं म्हणजे उतार लागणं, असं आमच्याकडच्या जुन्या गायकांना वाटतं, आणि ताईंनाही तसंच वाटत आलेलं. अलीकडे मात्र अंतऱ्याच्या टोकाला त्यांचा आवाज ताणला जात होता. हे आम्ही सगळे ऐकत होतो आणि कुणीच बोलत नव्हतो.

गेल्या बुद्धपौर्णिमेला वांकिडीकडच्या एका गावात कार्यक्रम होता. उन्हं नुकतीच कलली होती, मोहाच्या झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या, समोर अख्खं गाव बसलेलं. ताई वळल्या आणि म्हणाल्या, "काळी तीन." आमचा ऑर्गन, म्हणजे कीबोर्ड, नरेश वाजवतो. त्याच्या वाद्याला एक बटन आहे. ते दाबलं की बोटं जुन्याच जागी राहतात आणि सूर मात्र खाली येतो. ताईंना त्रास होऊ नये, आणि कळूही नये, म्हणून त्यानं ते गुपचूप दोनदा दाबलं होतं. माझा कान बरा आहे, मी ऐकून धरीन, असा त्याचा माझ्यावर भरवसा. पण माझ्या वाद्याला बटन नाही. माझी बोटं ताईंच्या शब्दावर गेली, काळी तीनवर. भगवानकाकांची ढोलकीही तिथेच लावलेली. ताईंनी ऑर्गनचा सूर घेतला, तो खालून माझ्याशी भिडला, त्या माझ्याकडे सरकल्या, तर वरून ऑर्गन भिडला. मी चूक हुडकून खाली येईपर्यंत त्यांनी दुसरी ओळ अर्ध्यात सोडली होती. समोरून एक म्हातारा आपुलकीनंच म्हणाला, "बाई थकल्या आता." ताईंनी हात जोडले आणि सतरंजीच्या कडेला जाऊन बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोहाच्या पानांची सावली हलत होती, आणि तीच फक्त हलत होती.

नरेश परतीच्या वाटेवर जीपमध्येच रडला. त्याचं ऐकून घेतल्यावर ताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुह्या मनात खोट नाही, नरेश. पण मी सांगू एक अन् वाजन दुसरं, तर मी वळून सांगतो कायले?" त्यानंतर त्यांनी पार्टीत येणं बंद केलं. मी भेटायला गेलो की विषय बदलायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, की घरी खालच्या पट्टीत गाऊन पाहिलं, पांढरी दोनवर गळा मोकळा चालतो, "पन गानं पोकळ वाजते रे, रिकाम्या रांजनात बोलल्यावानी."

तो रांजण मी घरी घेऊन आलो. माझ्या बेसवर वाजवून पाहिलं तेव्हा त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं: चार तारांत खालची पांढरी दोन नाहीच. सर्वांत जाड तार त्याच्या थोडी वरच संपते, मग तो स्वर वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि गाण्याची बैठक निसटते. इतकी वर्षं जे वाद्य मला पुरेसं वाटत होतं त्यात ताईंच्या नव्या आवाजाला जागाच नव्हती. म्हणून यंदा दसऱ्यानंतर पुन्हा नागपूर गाठलं. चकचकीत लाकडं आणि नावाजलेली मॉडेलं पुष्कळ होती, मी प्रत्येकीवर एकच स्वर वाजवत राहिलो. शेवटी एक मातकट रंगाची, खांद्याला जड, पाच तारांची घेतली. तिची पाचवी तार सुतळीएवढी जाड आहे, आणि तिच्या तिसऱ्या घरात, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या पडद्याशी, तो स्वर आहे, खालची पांढरी दोन.

दुसऱ्या रविवारी ती घेऊन ताईंकडे गेलो. अंगणात पुन्हा कापूस आलेला, त्यावर कोवळं ऊन. छोटा अ‍ॅम्प बाजेखाली ठेवला, ताई बाजेवर बसल्या होत्या. मी तो एक स्वर वाजवला आणि वाजू दिला. बाज थरथरली. ताईंनी बाजेच्या लाकडी गातावर तळवा टेकवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर टेकवतात, आणि स्वर विरेपर्यंत उचलला नाही.

"अजून एक डाव," त्या म्हणाल्या.

मी वाजवत राहिलो आणि त्यांनी हळूच एक ओळ धरली. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उंचीवर तो चकाकायचा. इथे त्याला सागाच्या ओल्या सालीचा रंग होता, एखाद्या शब्दावर तो थांबायचा, त्या शब्दाकडे नीट पाहायचा आणि मग पुढे जायचा. मला वाटत आलं होतं की ताईंचं सर्वोत्तम गाणं मी लहानपणीच ऐकून घेतलं आहे. ओळ संपल्यावर त्या कापसाकडे पाहत म्हणाल्या, "पाहू." एवढंच. फोन केला की अजूनही तेच म्हणतात. म्हणून काल त्यांना पत्र टाकलं.

*प्रिय ताई,*

*सविनय जयभीम. येत्या पौर्णिमेला आपल्याच विहारात कार्यक्रम धरला आहे. नरेशनं ते बटन चिकटपट्टीनं बंद करून टाकलं आहे, आणि सगळी गाणी बोटांनी पांढरी दोनमध्ये बसवून राहिला आहे. चुकतो, शिव्या खातो, पुन्हा वाजवतो. भगवानकाकांनी ढोलकी उतरवून लावली. ते म्हणतात, बाईले सांगा, माह्या म्हाताऱ्या हाताले खालचीच मानवते.*

*तुम्ही यावंच, असं लिहायचा अधिकार मला नाही. माझ्यासाठी तुम्ही कुणासमोर उभ्या राहिला होतात ते मला आठवतं, आणि तेव्हा तुम्ही आवाज चढवला नव्हता, हेही आठवतं. आलात, तर एकच मागणं आहे. नेहमीसारखं मागे वळा आणि पट्टी सांगा, मोठ्यानं, शेवटच्या ओळीतल्या माणसालाही ऐकू जाईल अशी.*

*मी तुमच्या डाव्या हाताला उभा असेन, बोट तिसऱ्या घरावर ठेवून. तुम्ही सांगाल तेव्हाच वाजवीन.*

*तुमचा,*
*बाबू*