खोकला आणि तीन राण्या

तीन राण्या हातात असताना तीन पत्तीचा डाव हरता येत नाही, असं म्हणतात. मला येतो.

माझ्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. नागपूरच्या त्या घरात मी धाकटी सून. थोरल्या जाऊबाई म्हणजे कुसुमबाई. सासूबाईंना आम्ही मामी म्हणत असू आणि सासऱ्यांना मामाजी. मामी एरवी फार देवधर्माच्या. पण पाडव्याची दुपार झाली आणि पुरुषमंडळी फराळाला बाहेर पडली, की मधल्या खोलीत चटई अंथरून त्या पत्त्यांची गड्डी अशी काही पिसायच्या, की पाहणाऱ्याला वाटावं, बाई जत्रेतच लहानाच्या मोठ्या झाल्या! (तशा त्या भजनी मंडळात झाल्या होत्या.)

हा खेळ करमणुकीचा नव्हता. भाऊबीजेला नणंदा यायच्या, म्हणून एका सुनेनं रांधायला घरी राहायचं आणि एकीनं माहेरी जायचं. कोणी जायचं, ते आदल्या दिवशी पत्त्यांवर ठरायचं.

"मी ठरवलं तं एक जन माह्यावर रुसन," मामी म्हणायच्या. "पत्त्यानं ठरवलं तं पत्त्यावर रुसा!"

आता कुसुमबाईंचं माहेर नागपुरातच, नंदनवन वस्तीत. आमच्या गच्चीवरून जोरात हाक मारली तर त्यांच्या आईनं तिकडून चहा ठेवावा, इतकं जवळ. माझं माहेर लांब, एस.टी.नं जायचं, पारशिवनीला. त्यात त्या वर्षी माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वर्षभर ती माणसं आवाजावरून ओळखत होती. आता जाड भिंगांचा चष्मा लागला होता आणि तिचा निरोप आला होता, "शकुनले पाठवा. मले तिचं तोंड पायचं हाय." मला न्यायला धाकटा भाऊ मधू पाडव्याला यायचा होता. डाव जिंकले तर तो मला नेणार, हरले तर चिवडा खाऊन एकटाच परत जाणार.

तर खेळ सुरू झाला. आम्हा दोघींना बशीभर चिंचोके दिले होते. पत्ते वाटणार मामी आणि न्याय करणारही मामीच. खेळताखेळता शेवटी सगळे चिंचोके मधोमध आले आणि शेवटचा डाव वाटला गेला. मी पत्ते पदराआड उघडून पाहिले. राणी. राणी. आणि तिसरीही राणी!

मला जिंकायची सवय नव्हती. चेहरा कसा ठेवायचा तेही कळेना. तिकडे कुसुमबाई आपल्या पत्त्यांकडे पाहून गालात हसत होत्या. (त्या दुर्री-पंजीवरही तशाच हसायच्या.) माझी चाल होती. मी "शो" म्हणून पत्ते उघडणार, तोच अंगणात कोणीतरी खोकलं.

आमच्या घरी पुरुषांनी आत येण्याआधी अंगणात खोकायची रीत होती. खोकला ऐकला, की सुनांनी उठून उभं राहायचं आणि डोक्यावरून पदर घ्यायचा. कुसुमबाई जुन्या. त्या आरामात, पत्ते छातीशी धरून, एका हातानं पदर घेत उठायच्या. मी मात्र नेहमी दचकायची. त्या दिवशीही अशी ताडकन उठले आणि दोन्ही हातांनी पदर असा हनुवटीपर्यंत ओढला, की राण्या सुटल्या आणि उरलेल्या गड्डीवर जाऊन उताण्या नाही, पालथ्या पडल्या!

"पॅक!" कुसुमबाई ओरडल्या.

पत्ते पालथे गड्डीवर टाकले, म्हणजे डाव सोडला, पॅक, असा नियम होता.

"पॅक कशी वं?" मामी म्हणाल्या. "तिनं टाकले काय? पडले ते."

"पडले तरी पॅकच! टाकायचे नव्हते तं सोडले काहून?"

"शकुन, काय होतं तुह्याजवळ?"

बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी पदराआडून कसंबसं म्हटलं, "तीन राण्या."

"हाव बाप्पा!" कुसुमबाईंनी टाळी वाजवली. "मंग माह्याजवळबी तीन एक्के होते म्हना!"

मामींनी गड्डीवरचे तीन पत्ते उलटे केले. तीन राण्या. कुसुमबाईंचं हसू मावळलं. पण हार मानतील तर त्या कुसुमबाई कसल्या!

"मामी, मागच्या साली काय झालं होतं? आठवते ना?"

झालं! ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. मागच्या पाडव्याला ऐन डावात त्यांच्या बेबीनं नाकात चिंचोका घातला होता. कुसुमबाईंनी पत्ते खाली ठेवून पोरीला उचललं. पोर रडतेय, आई तिच्या नाकाशी झगडतेय, आणि त्या गोंधळात एक खणखणीत आवाज आला होता, "पॅक!"

तो माझा होता. त्या घरात इतक्या वर्षांत मी मोठ्यानं काढलेला तो एकच शब्द. त्या शब्दावर मी डाव जिंकले, पारशिवनीला जाऊन आले, आणि त्यानंतर वर्षभर बेबीच्या नाकाकडे पाहायची मला लाज वाटत होती.

मामी विचारात पडल्या. हायकोर्टातल्या जज्जासारखी त्यांनी मांडी सावरली. शेवटी त्या म्हणाल्या, "तवा गोष्ट लेकराची होती. आता मोठ्याच्या मानाची हाय. मामाजी आले म्हनून सून उठली. मान ठेवताना पत्ता पडला, तं तो पडला नाई. शकुन, उचल आपल्या राण्या. शो कर."

मला वाटलं, पदराआडूनच पारशिवनीची एस.टी. दिसते आहे! मी वाकून राण्या उचलल्या. तेवढ्यात खोकणारा माणूस आत आला.

"ताई, झाकून काहून उभी हायेस? डोकं दुखून राह्यलं काय?"

मधू!

कुसुमबाई मटकन चटईवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बाई बाई बाई! धाकट्या भावाले पदर! आता भाऊबीजेले त्याच्या पायाबी पडजो!"

"मधू," मी दातओठ खात म्हटलं, "तू खोकला काहून रे?"

"तूनंच तं शिकवलं! मागच्या खेपेले मी सरळ आत आलो, तं तूनं मले अंगनात नेऊन झापलं नाई? म्हने, आमच्या घरी आधी खोकायचं, मंग यायचं. मी तं फाटकापासूनच तयारी करून राह्यलो होतो."

मी मामींकडे पाहिलं. मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी दया येत होती हे दिसत होतं, पण गड्डी हातात असताना त्या कोणाच्याच सासू नसत.

"मोठ्यासाठी पडला असता तं पत्ता जिता होता," त्या हळूच म्हणाल्या. "धाकट्यासाठी पदर घ्याची रीत नाई. पॅक."

माझ्या हातातल्या राण्या त्यांनी अलगद काढून घेतल्या. कुसुमबाईंनी आपले पत्ते चटईवर टाकले. दुर्री, पंजी आणि गुलाम! वर म्हणाल्या, "बेबी, चल वं, आजीकडे जाऊ."

भाऊबीजेला मी नणंदांसाठी पुऱ्या तळल्या. मधूला पहाटेच ओवाळलं. तो मान खाली घालून चिवडा खात होता आणि मधूनमधून नुसताच म्हणत होता, "पन तूनंच तं शिकवलं ना ताई." मी त्याला आणखी चिवडा वाढला, म्हणजे तोंड भरलेलं राहील. पारशिवनीला एकटाच गेला तो. आईला काय सांगशील, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

दोन दिवसांनी मी मधल्या खोलीत तांदूळ निवडत होते. अंगणात कोणीतरी खोकलं. एवढं रामायण झालेलं, पण माझे हात काही शिकले नव्हते! सूप बाजूला, तांदूळ चटईभर, मी उभी, आणि पदर हनुवटीपर्यंत. वर तोंड भिंतीकडे.

"मधू," मागून ओळखीचा आवाज आला, "घर चुकला का गा? ही कोन बाई? तोंडबी दाखवून नाई राह्यली."

आई! मी जाऊ शकले नाही म्हणून तीच एस.टी.नं आली होती.

"घर बरोबर हाय, विहीनबाई," मामी आतून म्हणाल्या. "आमची सूनच तशी हाय."

आई जवळ आली. तिनं स्वतःच्या हातानं माझा पदर वर केला. चष्मा काढून लुगड्यानं पुसला, परत लावला, आणि त्या जाड भिंगांतून माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. माझे डोळे भरून आले. वर्षभरानं तिला माझं तोंड दिसत होतं. आता ती काय बोलते, म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले.

"काहून वं," आई म्हणाली, "तीन राण्या टाकनारी ते तूच काय?"

मी पदर पुन्हा हनुवटीपर्यंत ओढून घेतला. या खेपेला कोणी खोकलं नव्हतं.