चटई गुंडाळण्याआधी

तिमोरच्या डोंगरात रेइमाता नावाचं गाव आहे. तिथे कुणाची म्हैस कुणाच्या मक्यात शिरो, नाहीतर कुणाची लेक कुणाबरोबर पळून जावो, बोलावणं जायचं ते सेलेस्तिनोलाच. तो यायचा, खांद्यावरची चटई अंथरायचा, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचा. भांडण मिटेपर्यंत चटई गुंडाळायची नाही आणि तिच्यावर बसून खोटं बोलायचं नाही, ही वाडवडिलांची रीत. खोटं बोलणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही म्हणतात. आणि एकदा चटई गुंडाळली की मागाहून आठवलेला शब्द गिळून टाकायचा.

या सेलेस्तिनोच्या डोळ्यांत एकच माणूस खुपायचा, तो म्हणजे शेजारचा आबिलियो. लहानपणी झुंजीत आबिलियोचाच कोंबडा जिंकायचा. तरुणपणी कॉफीला बहर यायचा तोही आबिलियोच्याच मळ्यात. एवढं सगळं सेलेस्तिनोने सोसलं, कारण चटई तरी आपली आहे ना!

मग ते गास्पारचं प्रकरण आलं. स्वातंत्र्याच्या मतदानानंतर देशभर जाळपोळ झाली, तेव्हा हा गास्पार टोळीवाल्यांबरोबर फिरला, गावातल्या ओलांदिनाचं घर त्याने पेटवून दिलं आणि सरहद्दीपलीकडे पळाला. काही वर्षांनी त्याला परत यायचं होतं. मोठ्या देशांनी मोठ्या टेबलांवर तह केले होते, पण ते टेबल काही रेइमाताच्या चढावर पोचत नाही. इथे समेट व्हायचा तो चटईवरच. समेट झाला तर गास्पार गावात राहणार. नाही झाला, तर शांतिसेनेचे निळ्या टोपीवाले शिपाई त्याला आल्या वाटेने सरहद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत नेऊन सोडणार.

समेट घडवणारे साहेब जीप घेऊन चटईवाल्याला शोधत आले, तेव्हा सेलेस्तिनो नेमका ताडी काढायला झाडाच्या शेंड्यावर होता. त्याने वरून सगळं पाहिलं. जीप थांबली, साहेबाने काहीतरी विचारलं आणि रस्त्याकडेला कॉफी पीत बसलेला आबिलियो उठून हात मिळवू लागला. सेलेस्तिनो घाईघाईने उतरला, पोटऱ्या सोलून घेतल्या, पण खाली पोचेपर्यंत काम आबिलियोला मिळालं होतं आणि उरली होती नुसती धूळ.

"त्याने अंथरली चटई तर आभाळ कोसळणार आहे का?" बायको फिलोमेना म्हणाली. "तुमच्या गुडघ्यांना तेवढाच आराम."

सेलेस्तिनो त्या रात्री जेवला नाही.

ठरल्या दिवशी तो गेला मात्र सगळ्यांच्या आधी आणि आबिलियोने आपली चटई अंथरताच तिच्या कडेला ठाण मांडून बसला. आबिलियो कुठे अडखळतोय याच्यावर त्याची नजर. पूर्वजांची नावं घेताना एखादं गाळेल, तर नाही. आधी बोलायचा मान पीडितेचा, हे विसरेल, तर तेही नाही. ओलांदिना रडली, गास्पारने मान खाली घालून सगळं कबूल केलं. आपल्या हाताने नवं घर बांधून देईन म्हणाला. ओलांदिनाने होकाराची मान हलवली. बायाबापड्यांनी डोळे पुसले. सेलेस्तिनो मात्र आबिलियोची चूकच शोधत राहिला.

शेवटी पानसुपारीची टोपली फिरली. प्रत्येकाने एक पान उचलायचं. ज्याने उचललं नाही त्याच्या मनात अढी आहे असं समजायचं, आणि एकाची जरी अढी राहिली तरी समेट मोडायचा. टोपली सेलेस्तिनोपुढे आली. टोपली जरा अडवून आबिलियोला घटकाभर घाम फोडावा, एवढाच त्याचा विचार होता. पण हात पुढे जाईचना.

गास्पारचा चेहरा पांढरा पडला. त्याच्या आईने पदर तोंडाशी धरला. तिकडे एक शिपाई जीपकडे वळलाही.

आबिलियो समोर येऊन बसला. "सेलेस्तिनोदादा, पोटात काय आहे ते चटईवर ठेवा."

आता आली का पंचाईत! गास्पारवर राग आहे म्हणावं, तर ते खोटं. गप्प बसावं, तर पोरगा छावणीत जाणार. सेलेस्तिनोने टोपलीकडे पाहिलं, गास्पारच्या आईकडे पाहिलं.

"गास्पारशी माझं काही वाकडं नाही," तो हळूच म्हणाला. "तुझ्याशी आहे. ही जागा माझी होती. तू चुकावंस म्हणून सकाळपासून इथे बसलोय, आणि तू मेल्या चुकलाही नाहीस."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आता भांडणात आबिलियोच एक बाजू झाला होता, मग निवाडा त्याने कसा करायचा? पंगतीचा भात तिकडे थंड होत चालला होता.

शेवटी ओलांदिनाच पुढे सरकली. "मी जळालेल्या घरावर पाणी सोडलं," ती म्हणाली. "तुम्हाला एक चटई सोडवत नाही होय? आबिलियोदादांनी अंथरली, तुम्ही गुंडाळा. आणि आधी ते पान घ्या, लेकरं भुकेली आहेत."

सेलेस्तिनोने पान घेतलं. ते चघळत तो गुडघ्यांवर बसला आणि चटई गुंडाळू लागला. गास्पारची आई रडत लेकाला बिलगली. तो शिपाई जीपला टेकून विडी ओढू लागला.

गुंडाळता गुंडाळता सेलेस्तिनोचा हात चटईवरून फिरला. वीण कशी घट्ट, काठ कसा सरळ! आपल्या चटईला असा काठ या जन्मात साधला नाही. मेल्याने विणली कधी?

शब्द ओठांवर आला होता. पण चटई गुंडाळून झाली होती. सेलेस्तिनोने तो पानाच्या रसाबरोबर गिळला आणि पंगतीत जाऊन बसला, आबिलियोच्या शेजारी. त्याच्या ताटात मांसाचा तुकडा केवढा पडतोय, ते नीट दिसावं म्हणून.