भाऊजींची फुकट प्रणाली

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बहिणीच्या नवऱ्यावर सूड उगवायचा असेल तर तो संपूर्ण मानपान राखूनच उगवावा. मी उगवला आहे. अजून गोड लागतो.

बिबवेवाडीत माझा लग्नपत्रिका छापून द्यायचा धंदा. भाऊजी हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरीला आणि राहायला आमच्याच सोसायटीत. एका रविवारी ते दुकानात आले, माझ्या कॉम्प्युटरवरची जुनी ऑपरेटिंग प्रणाली पुसली आणि कुठलीशी खुली, फुकट प्रणाली बसवली.

"हिचा आतला सगळा कोड उघडा असतो. कुणीही तपासावं. तुझं काही बाहेर जाणार नाही."

नको म्हणायची सोय नव्हती. जावई माणूस!

त्या दिवसापासून यंत्र रांगायला लागलं. पत्रिकेवर क्लिक करून मी कोपऱ्यावर चहा पिऊन यायचो, तरी ती उघडतच असायची. एका वधूपित्याच्या पत्रिका वेळेत झाल्या नाहीत. तो दुकानात उभा राहून मला झापत होता आणि भाऊजी शेजारी बसून माझाच चहा पीत होते. गिऱ्हाइकादेखत म्हणाले, "यंत्र मंद नाही. चालवणारा मंद आहे."

मी हसलो. बिस्किटं पुढे केली. आणि मनात खूणगाठ बांधली.

पुढे एकदा मुंडावळ्यांचं चित्र सापडेना, म्हणून त्या प्रणालीच्या शोधचौकटीत 'वेडिंग' असं इंग्रजीत टंकलं. माझ्या फायलींखाली एका ऑनलाइन दुकानातल्या शेरवान्या हजर, किमतींसकट! शोधत होतो माझ्याच कॉम्प्युटरात, पण शब्द दुकानापर्यंत पोचत होते. मी कुणाला बोललो नाही. सुडाला मुरू द्यावं लागतं.

सोसायटीच्या सभेपर्यंत तो छान मुरला. तीच प्रणाली भाऊजींना सोसायटीच्या कचेरीत बसवायची होती, सगळ्या सभासदांची माहिती तिच्यात भरायची होती. त्यांनी आपला लॅपटॉप पडद्याला जोडला आणि माइक हातात घेतला. "एक अक्षर बाहेर जात नाही!"

मी अदबीने उठलो. "भाऊजी, आपण एखादी फाइल शोधून दाखवता का? ती आपली आहारावरची टिपणं? नेट मी जोडतो, आपण त्रास घेऊ नका."

त्यांनी ऐटीत 'डाएट' टंकलं. टिपणं आली. खाली, पडदाभर, पोट आत घेणारे पट्टे आणि वजन उतरवणारी चूर्णं.

"अहो, तुम्ही काय शोधताय ते दुकानदाराला कसं कळलं?" पहिल्या रांगेतून ताईनेच विचारलं. शपथ घेतो, मी पढवलं नव्हतं.

भाऊजींनी घाईने चौकट बंद करायला घेतली आणि पडदा गोठला. पट्टा घातलेली एक बाई सबंध सभेकडे बघून हसत राहिली. भाऊजी बटणांवर बटणं दाबत होते. ती हसतच होती.

मी जवळ गेलो, किंचित वाकलो. "भाऊजी, चालवणारा..."

पुढचं बोलावंच लागलं नाही. घामाघूम भाऊजी माइकवरच ओरडले, "अरे, मी नाही, हे यंत्रच मंद आहे!"